७८३ नंबर

१० जानेवारी १९५५
नागपुराहून दोन कागद आले. एक परिपत्रक — कागदाची टंचाई आहे, दोन्ही बाजू वापरा. (हे सांगायला चार पानं, सगळी एकाच बाजूने छापलेली!) दुसरी रोगांची यादी. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचा रोग आता मी नंबराने लिहायचा. जो दम कुठल्याच खान्यात बसत नाही त्याला ७८३ — श्वासाची लक्षणे, कारण अनिर्दिष्ट. न कळण्यालाही सरकारने नंबर दिला! वीस वर्षं कारकुनी केली, एवढा मान मला नाही मिळाला.

१९ जानेवारी
धानगिरण्या जोरात, ७८३ची रांगही. आज मुर्री गावची धुरपताबाई आली. गिरणीत चाळणीपाशी उभी असते. भुवया कोंड्याने पांढऱ्या.
"दम लागून राहिला जी बाबू. टेकचंद मुनशी म्हणते, धुळीचा कागद आन, मंग तुले बाहेर पोते शिवाले बसवतो."
डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी पाठवली — 'दम. छातीत शिटी वाजते.' बस्स! एवढं शिकून शिटी ऐकली. मी ७८३ टाकून दाखला केला. संध्याकाळच्या गठ्ठ्यात डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली.

२ फेब्रुवारी
बाई परत. मुनशीने दाखला फेकला म्हणे — "इसमें धूल कहाँ लिखा है? नंबर लिखा है!"
"काऊन जी, मले धूळ दिसते, तुमाले दिसत नाई? लिवा ना!"
म्हटलं, कारण लिहिणं डॉक्टरांचं काम. डॉक्टर आमगावच्या दौऱ्यावर. सोय बघा!
"तुमी लिवलं त हात झडते का?"
दुखलं. रागावलो मात्र डॉक्टरांवर.

३ फेब्रुवारी
कंपाउंडर केशोराव म्हणतो, डॉक्टर गिरणीमालकाकडे जेवतात. तरीच! दुपारभर चौघांना रंगवून सांगितलं.

२६ फेब्रुवारी
धुरपताबाई गेली. चाळणीपाशीच खाली बसली, उठली नाही. तिची सून सांगायला आली होती. तिलाच लावलंय आता चाळणीवर.

१ मार्च
जानेवारीपासूनच्या ७८३च्या चिठ्ठ्या बांधत होतो. धुरपताबाईची हातातून निसटली, पालथी पडली. पाठीमागे डॉक्टरांचं अक्षर — 'कारण: गिरणीची धूळ. बाईला ताबडतोब धुळीतून हलवा.' खाली दोन रेघा.
गठ्ठ्यात अजून एक्केचाळीस चिठ्ठ्या. उलटायला हात धजत नाही.