आधी कुलूप बघायचं

सर, आज माझ्या तांबरमच्या घरात तुम्ही आलात, ते माझ्या मुलीच्या गणितातून. ती दहावीला आहे. x² + 2x + 5 = 0 ची उत्तरं तिने काढली होती १ आणि −३. मी विचारलं, "विवेचक काढलास?" ती इथल्या तमिळमध्ये म्हणाली, "फॉर्म्युला पोट्टा पोदुम्, अप्पा." सूत्र घातलं की झालं. वर्गमुळाखाली उणे सोळा आले होते, तिने उणे चिन्ह सोडून दिलं होतं.

मीही दहावीत याच गणितात तेच केलं होतं. शाळेमागच्या खोलीत तुम्ही भाकरी थापत होतात. "एक ठेवून बघ," म्हणालात. एक, दोन आणि पाच, आठ झाले. "यायला हवं होतं शून्य. मिळालीच पाहिजेत म्हणून उत्तरं बनवतोस काय रे गाढवा?" मग परातीतल्या पिठात तुम्ही बोटाने b² − 4ac लिहिलंत. पलीकडच्या वस्तीवर कुणाकडे जायचं असलं की तुम्ही टेकाडावरून आधी दाराला कुलूप आहे का बघायचात, मगच ओढा उतरायचात. "हे तेच. उणे आलं की कुलूप. शून्य आलं तर एकच उत्तर, त्याहून मोठं आलं तर दोन. आधी बघ, मग चाल." आणि पहिली भाकरी माझ्या हातावर.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती हसली. या आठवड्यात बँकेत मला बदलीचा अर्ज द्यायचा आहे, गावाजवळच्या शाखेसाठी; तिला ते ठाऊक आहे. तिची आई गेल्यापासून मला इथे करमत नाही. संध्याकाळी दिवा लावतो, तेव्हा मनातलं बोलायला देवच काय तो असतो. पण तिची पुढची शाळा, मैत्रिणी, भाषा, सगळं इथलं.

"अप्पा, गावच्या घराला कुलूपच आहे ना?" ती हळूच म्हणाली. "आजी नाही, तुमचे सरही नाहीत. तुम्ही काढलात का विवेचक?"

मी देवघरातली वात सारखी केली. तिने दोन्ही उत्तरं खोडली, खाली 'नो रियल रूट्स' लिहिलं आणि माझ्यासाठी कॉफी टाकायला उठली.

अर्ज मी देणार नाही, सर. हे पत्र तरी कुठे टाकणार? फक्त तुम्हाला सांगतो, उणे आलंय हे दिसतंय मला. तरी एकदा तो ओढा उतरून ते कुलूप हाताने हलवून बघावंसं वाटतं.