ग्रीसमधली रेघ

अण्णा,

तीस वर्षांपूर्वी तुमच्या एका प्रश्नाला मी "हो" म्हणाले होते. ते खोटं होतं. तुम्ही होतात तोवर हे सांगायची हिंमत झाली नाही, आणि आता तुम्हाला जाऊनही अठरा वर्षं झाली. आज तो विषय निघायला कारण झालाय एक हिच. गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा जो सांधा असतो, त्याला इथे हिच म्हणतात. तुम्ही त्याला तवा म्हणायचात. आपल्या कळंबोलीच्या यार्डातल्या प्रत्येक घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, पाठीवर ग्रीसने माखलेला तो काळा तवा असायचा, ट्रेलरच्या नाकाखाली मनगटाएवढी पिन असायची, आणि घोडा मागे घेताना पिन तव्याच्या खाचेत शिरली की आतला जबडा खटकन मिटायचा. तसलाच, पण आकाराने लहान, असा तवा मी गेल्या महिन्यात तुमच्या नातीसाठी निवडला.

तुम्ही तिला पाहिलंत ते ती तीन वर्षांची असताना, एका सुट्टीत. आता ती बावीस वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या, आयर्लंडमधल्या क्लेअर भागाच्या इंग्रजीत येतं. तिला गॉलवेला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि राहायला खोली मिळेना. तीन महिने शोधलं. एका खोलीला चाळीस जण रांगेत, आणि त्यात ही एकेचाळिसावी. शेवटी तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी त्यांच्या शेतात जागा देऊ केली, आणि आम्ही आमच्या शेजारच्या आजोबांचा जुना ट्रेलर घेतला. हे आजोबा शेतकरी आहेत. नवराबायको दर उन्हाळ्यात तो ट्रेलर घेऊन देशभर हिंडायचे. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं आहे. आजी गेल्यापासून तो गोठ्यामागे नुसता उभा होता. ओढायचा पिकअपही त्यांनी बरोबरच देऊन टाकला, आणि वर म्हणाले, "हिचची काळजी करू नकोस, ग्रँड आहे. वीस वर्षांत काही झालेलं नाही."

मी वाकून बघितलं. जबडा एका बाजूने झिजून चकचकीत झाला होता, आणि पिन त्यात खुळखुळत होती. "झालं नाही म्हणजे होणार नाही असं नाही," मी म्हणाले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की हा आवाज माझा नाही, तुमचा आहे. आजोबा हसले. लेकीने "ओह गॉड, आई" म्हणून कपाळाला हात लावला.

नवा तवा निवडायला बसलो आणि आमच्या घरात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. तुम्हाला फार मजा वाटली असती. एक पक्क्या बैठकीचा, जागचा न हलणारा. बळकट, बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पण आमच्या पिकअपचा हौदा आखूड, म्हणजे अरुंद वळणावर ट्रेलरचं नाक थेट केबिनच्या मागच्या काचेत. दुसरा सरकता, वळणावर मागे सरकून जागा करणारा. त्यातही दोन तऱ्हा: एकाला आधी उतरून हाताने दांडा ओढावा लागतो, दुसरा आपला आपण सरकतो. लेकीला आपला आपण सरकणारा हवा होता. मला हाताचा, कारण हाताने केलेलं लक्षात राहतं. "आणि विसरले तर?" तिने विचारलं. तिच्या रस्त्याला दोन्हीकडून दगडी बांध आहेत, समोरून दुधाचा टँकर येतो आणि मागे घ्यायला जागा नसते. तिथे ती एकटी असणार. मी हरले, आणि बरं झालं हरले.

वजनाच्या बाबतीत मात्र मी तिचं ऐकलं नाही. कागदावर ट्रेलरचं रिकामं वजन होतं, तेवढं झेपणारा तवा तिने काढून ठेवला होता. "रिकाम्याचं वजन धरून कुनी गाडी जोडतं का? भरल्यालं धर," असं तुम्ही ड्रायव्हरांना सांगायचात. ते मी तिला सांगितलं आणि एक माप वरचा घ्यायला लावला. मग जबड्यावरून भांडण. तिला आवडलेल्याला छोटी खिडकी होती, जबडा मिटला की त्यात हिरवी खूण दिसते. मला हवा होता तो उघडा. गाडीच्या बाजूला उभं राहिलं की पिनभोवती जबडा मिटलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही. माझ्या कारखान्यात रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या बनतात, आणि माझ्या सहीशिवाय एक खोकाही बाहेर जात नाही. हिरवा दिवा आणि आत भलतंच, असं मी किती वेळा पाहिलंय. शेवटी उघडा जबडा आणि आपोआप सरकणारी बैठक असा तह झाला.

पण जबडा डोळ्यांनी दिसला तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हळूच पुढे ओढायचा, आणि ट्रेलर जागचा सुटला नाही तरच जोडलं म्हणायचं. "लागल्यालं दिसतंय आणि लागलंय, ह्यात लई फरक हाय, पोरी. वढून बघितल्याबिगर खरं मानायचं न्हाई." हा नियम यार्डातून आपल्या घरात शिरला. कुकरचं झाकण, गॅसचा रेग्युलेटर, माझ्या दप्तराचा पट्टा, सगळं ओढून बघायचं. दाराला कुलूप लावून तुम्ही तीनदा हिसका द्यायचात, तेव्हा आई म्हणायची, "अहो, कुलूप आहे ते, म्हशीचं दावं नव्हे." मी इकडे यायला निघाले तेव्हा विमानतळावर तुम्ही दोन्ही बॅगांचे पट्टे ओढून बघितलेत. मग काही सुचेना म्हणून माझ्या स्वेटरची चेन ओढून बघितलीत, गळ्यापर्यंत. ती चेन मी डब्लिनला उतरेपर्यंत खाली घेतली नाही.

आता त्या दिवसाचं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत रोज तुमच्याबरोबर यार्डात यायचे. पोरीला कशाला आणता, असं मॅनेजरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं, आणि तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतंत: "काम बघा तिचं, मग बोला." पंधरा-वीस ट्रेलर मी तोवर बिनचूक जोडले होते. त्या दुपारी पत्र्यांनी भरलेला एक ट्रेलर निघायचा होता. ड्रायव्हर घाईत, हॉर्नवर हॉर्न. चार-पाच जण चहाचे ग्लास घेऊन बघत उभे होते. खटका ऐकू आला. मी वाकून बघितल्यासारखं केलं. ओढून बघायचं तर ड्रायव्हरला पुन्हा थांबवायचं, आणि ते लोक म्हणणार, हिचा हिच्याच कामावर भरवसा नाही. तुम्ही पलीकडच्या गाडीखाली आडवे होऊन काम करत होतात. तिथूनच ओरडलात, "वढून बघितलंस?"

"हो," मी म्हणाले.

फाटकाच्या उंचवट्यावर ट्रेलर सुटला. नाक दाणकन जमिनीवर, हवेचे पाइप तुटून फूत्कार, आणि घोडा एकटाच चार पावलं पुढे. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब. तुम्ही धावत आलात. माझ्याकडे बघितलंत, मग टॉर्च घेऊन तव्यावर वाकलात. बराच वेळ वाकलेलेच होतात. मग हात मागे करून म्हणालात, "फडकं दे." मी दिलं. तुम्ही तवा पुसलात, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मॅनेजर आला तेव्हा तुम्ही हात पुसत उभे होतात. "जबडा झिजला व्हता साहेब. मागंच बदलायला पायजे व्हता. माझी चूक."

फाटकाबाहेर जाणाऱ्या गाडीच्या कागदावर हेड फिटरची, म्हणजे तुमची, सही लागायची. ती तुमच्याकडून काढून घेतली. पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तुम्ही मागच्या शेडमध्ये टायर बदलत होतात, आणि तुम्ही शिकवलेला माणूस पुढे सही करत होता. घरी त्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालताना म्हणालात, "चल, उशीर होतोय," आणि मला पुन्हा यार्डात घेऊन गेलात.

आणि मी? मी तुमच्या जबड्याची गोष्ट खरी मानली. मानायला सोयीची होती. मी ओढून बघितलं नाही, हे खरं, पण जबडा झिजलेलाच होता, म्हणजे आज ना उद्या सुटलाच असता. तुम्हाला माझं खोटं कळलंच नाही, माझी वेळ चांगली होती. तीस वर्षं मी ह्या समजुतीवर झोपले.

गेल्या शनिवारी आजोबांच्या शेतात लेकीला शिकवत होते. ट्रेलर ओढायच्या परवान्याची वेगळी परीक्षा ती पास झालीय, पण जोडताना काय चुकतं हे परीक्षेत दाखवत नाहीत. म्हणून मी मुद्दाम चुकीचं जोडलं. ट्रेलरचे पाय खाली ठेवून नाक चार बोटं वर घेतलं, म्हणजे पिन खाचेत न शिरता मिटलेल्या जबड्याच्या डोक्यावर जाऊन बसते. लांबून बघितलं तर सगळं जोडलेलं. "लुक्स ग्रँड," ती म्हणाली. "आता ओढ," मी म्हणाले. तिने पिकअप वीतभर पुढे घेतला आणि पिन अलगद निसटून बाहेर आली. ट्रेलर पायांवर उभाच होता. ती उतरून आली, आम्ही दोघी तव्यावर वाकलो. नव्या, पिवळ्या ग्रीसमध्ये जबड्याच्या डोक्यावरून थेट कडेपर्यंत एक रुंद रेघ ओढली गेली होती. पिन जबड्यात कधी शिरलीच नव्हती, हे ती रेघ बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

पुन्हा जोडण्याआधी पुसायला हवं, म्हणून मी लेकीकडे हात केला. "फडकं दे." आणि पुसता पुसता माझा हात थांबला.

अण्णा, त्या दिवशी ती रेघ तिथे होती. तुम्हाला ती दिसली होती. झिजलेला जबडा कसा दिसतो, तो मी महिनाभरापूर्वी पाहिलाय, चकचकीत आणि एका बाजूने पातळ. तुमच्या तव्याचा तसा नव्हता. तुमच्या हाताखालचा जबडा झिजेल कसा? मॅनेजर यायच्या आत तुम्ही माझी चूक पुसून टाकलीत, आणि फडकं मीच तुमच्या हातात दिलं होतं. सही गेली, खुर्ची गेली, शिकवलेल्या पोराने पुढे अण्णा म्हणायचं सोडून दिलं, आणि त्या सहा वर्षांत तुम्ही एकदाही माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं नाहीत. मी शेतात उभी राहून रडले. पाऊस होता, त्यामुळे निभावलं.

लेकीला काहीतरी कळलं असावं. ट्रेलरच्या पायरीवर बसून तिने विचारलं, म्हणून मी तिला सगळी गोष्ट सांगितली. यार्ड, फाटक, तवा, तुमचा प्रश्न, ते "हो", आणि फडकं. ऐकून ती म्हणाली, "ही मस्ट हॅव रिअली लव्हड् हिम."

हिम, म्हणजे त्याच्यावर. कारण गोष्ट सांगताना मी माझ्या जागी म्हणाले होते, "यार्डात एक नवीन माणूस होता."

"हो," मी म्हणाले, आणि उठून पिन पुसू लागले. नंतर तिने ट्रेलर नीट जोडला, न सांगता ओढून बघितला, आणि खिडकीतून अंगठा दाखवला. ती रविवारी जाईल. तोवर सांगायला चार दिवस आहेत, आणि ते चार दिवस कसे जातील हे मला माहीत आहे.

आत्ता ती खाली स्वयंपाकघरात चहा करतेय, कपांचा आवाज येतोय. सांगायचं तिला आहे आणि मी वर बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला सांगणं सोपं आहे, अण्णा. तुम्हाला पहिल्यापासूनच माहीत होतं.