सगुणाबाईंचं बाथरूम आणि आमची भिंगरी

कुळगाव, बदलापूर
शुक्रवार, दुपारचे दोन

तीर्थरूप हिरामणदादा यांना हेमंतचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या वाडीचा भाजीवाला वाळू सांगत होता, तुम्ही अजूनही खाचरात उतरता. उतरू नका. तेल चोळून गुडघा बरा होतो हे खरं, पण ते घरात बसून चोळायचं असतं. वहिनींना नमस्कार. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर एक म्हणजे तुमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळते, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो (सुषमाचा नियम, माहेरचा फोन सगळ्या घराने ऐकायचा). म्हणून हे पाकीट वाळूच्या भाजीच्या पाटीतून पाठवतोय. वाचून झालं की चुलीत घाला.

इकडे सगळं ठीक. म्हणजे आता ठीक आहे. महिनाभर नव्हतं. तुम्ही दिलेली कुत्री, भिंगरी, आता सव्वा वर्षाची झाली, कान अजून एकच उभा राहतो. तिला घरात आणली त्या दिवशी तुमच्या बहिणीने उंबऱ्यात उभं राहून काय सांगितलं होतं ते आठवतं ना? घरात एकदा जरी घाण केली, तर दुसऱ्या दिवशी हिची रवानगी दादाकडे. आणि सुषमा एकदा बोलली की बोलली, हे तिच्या सख्ख्या भावाला मी काय सांगू. दादा, खरं सांगतो, लेक तेजल पुण्याला नोकरीला गेल्यापासून मी ड्युटीवरून आलो की दारात उडी मारून विचारपूस करणारी ही एकटीच. ती गेली तर मला घरी यायची घाई राहणार नाही.

तर महिन्यापूर्वी एका सकाळी हॉलमध्ये सोफ्याच्या मागे पाणी दिसलं. वाटीभर. दुसऱ्या दिवशी परत. आता मला सांगा, बदलापुरात घरात पाणी दिसलं तर माणूस काय म्हणणार? लिकेज! आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गणपतीची वर्गणी पाच मिनिटांत ठरते आणि लिकेजवर दोन तास जातात. त्यात मी आनंदनगरच्या कंपनीत बावीस वर्षं मेंटेनन्सचा फिटर. पंप गळतोय की व्हॉल्व्ह, हे मी नुसतं हात लावून सांगतो. मी वर बघितलं, भिंतीवर बोटं वाजवली, आणि सुषमासमोर निदान केलं, की वरच्या सगुणाबाईंच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमधून उतरतंय. (निदान करताना मी फार शांत असतो. कंपनीत सगळे याचं कौतुक करतात.)

सगुणाबाई म्हणजे पालिकेच्या शाळेतल्या रिटायर बाई, सत्तरीच्या, एकट्या राहतात. मी वर जाऊन त्यांना सांगितलं. दुसरं कोणी असतं तर माझ्याशी कचाकचा भांडलं असतं. या बाई नुसत्या हो का, म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी पाणी वापरणंच कमी केलं. सकाळी साडेपाचला वरून बादलीचा धो धो आवाज यायचा तो बंद झाला. दोन तांब्यांत अंघोळ उरकत असणार बिचाऱ्या. मला वाईट वाटलं. मग मी दोन शुक्रवार, म्हणजे माझ्या हक्काच्या दोन सुट्ट्या, त्यांच्या बाथरूममध्ये घालवल्या. लाद्यांच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं, जाळी बदलली, नळाचे वायसर टाकले, फ्लशची टाकी सारखी केली. बाई स्टुलावर बसून चहा देत होत्या आणि मधूनमधून हसत होत्या. मी म्हटलं, एवढ्या त्रासातही किती हसतमुख बाई!

तरी खाली पाणी होतंच. मी सोफ्यामागे पातेलं ठेवलं. पातेलं कोरडं आणि पातेल्याच्या शेजारी ओलं! यावरून कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता, पण मी फिटर पडलो. पाणी स्लॅबमधून न टपकता भिंतीच्या आतून उतरतंय, असा नवा शोध मी लावला. शेवटी दुपारचा तिथेच लादीवर चटई टाकून पडलो, डोळे भिंतीवर. भिंगरी येऊन पोटाशी झोपली. पाचएक मिनिटांत माझी बनियन गरम आणि ओली झाली. भिंतीतून पाणी आलं तर ते गरम कसं येईल, हे मला तेव्हा सुचलं.

दादा, ती गाढ झोपली होती हो. घोरत होती. जागी झाली, वास घेतला, आणि कान पाडून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. तिचं तिलाच कळलं नव्हतं. मला रडूच आलं. मी बनियन गुपचूप धुतली.

आधी मी घरगुती उपाय केला. आपल्याकडे कुत्र्यांनी गेटवर लघवी करू नये म्हणून निळीच्या पाण्याची बाटली ठेवतात ना, तशी एक सोफ्यामागे ठेवली (सुषमाला सांगितलं, वास्तूसाठी आहे). भिंगरी त्या बाटलीवर डोकं ठेवून झोपायला लागली आणि ओलं आधीपेक्षा जास्त. मग रेबीजच्या इंजेक्शनचं निमित्त करून तिला रिक्षाने उल्हासनगरला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लघवीचा नमुना मागितला. कुत्रीचा नमुना कसा धरायचा? मी स्वयंपाकघरातली पळी घेऊन कंपाउंडमध्ये तिच्या मागे पाऊण तास वाकून फिरलो. बघणाऱ्यांना मी पाठदुखी सांगितली. ती पळी पुन्हा घरात नेणं मला जमलं नाही, आणि सुषमा ती अजून शोधतेय.

नमुन्यात काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं की पिल्लं होऊ नयेत म्हणून भिंगरीचं केलं तसं ऑपरेशन केलं (तुम्हाला ते पटलं नव्हतं, माहीत आहे), की काही तरुण कुत्र्यांची झोपेत लघवी धरून ठेवायची ताकद ढिली पडते. खोड नाही, दुखणं आहे. रागावू नका, रोज एक गोळी द्या. दहा दिवस झाले, गोळी चालू आहे आणि सोफ्यामागे एकदम कोरडं. सोसायटीत माझा जयजयकार चाललाय की हेमंतने लिकेज पकडलं. सगुणाबाईंच्या समोर जायची मात्र मला हिंमत होत नाही. खरं सांगावं तर भिंगरी जाते, आणि न सांगावं तर म्हातारं माणूस अजून दोन तांब्यांत अंघोळ करतंय. असो. सहज लिहिलं. बाकी क्षेम.

तुमचा,
हेमंत

ता. क. अगदी सहजच लिहिलं असं नाही. मी येत्या रविवारी सगुणाबाईंसमोर आणि सुषमासमोर सगळं कबूल करणार आहे. त्यानंतर सुषमा तुम्हाला फोन करून भिंगरीला घेऊन जा म्हणेल. तेव्हा नाही म्हणा. बिबट्या येतो म्हणा, वहिनींना केसांची ॲलर्जी आहे म्हणा, काहीही म्हणा. बहिणीशी खोटं बोलायला लावतोय, माफ करा. पण तिला घेऊन जाऊ नका.

ता. क. दादा, मी सुषमा. यांनी हे पत्र तूरडाळीच्या डब्यामागे लपवलं होतं. या घरात डाळ कोण काढतं, एवढं तरी कळायला हवं ना? सोफ्यामागची लादी मी पुसते, मला दुसऱ्याच दिवशी वासावरून कळलं. पण मीच रवानगीची भाषा बोलून बसले होते, मागे कशी घेऊ? हे लिकेज म्हणाले, मी म्हटलं लिकेज तर लिकेज. सगुणाबाईंना मी तेव्हाच जाऊन सांगितलं. त्या भरल्या बादलीनेच अंघोळ करतात, फक्त हे घरात असले की नळ बारीक सोडतात. तीन वर्षं सोसायटीला सांगून जी कामं झाली नाहीत ती होतायत, तर होऊ दे म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी त्या यांना ओट्याखालचा पाइप बघायला बोलावणार आहेत, तोवर फोनवर काही बोलू नकोस. कबुलीचा रविवार मी कसातरी पुढे ढकलते. गोळी हे दोनदा विसरले होते, ती मी केळ्यात घालून दिली. आजची पण विसरलेत वाटतं, कारण भिंगरी आत्ता माझ्या मांडीवर झोपली आहे आणि साडी भिजली आहे. उठवत नाही, गाढ झोपलीय पोरगी.