मशीन बोलायला लागलं की निघतो

४ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय आपल्या कामाची नोंद आपणच नाही ठेवली तर दुसरं कोण ठेवणार?

दादाचं पोकलेन बंद पडलं. स्क्रीनवर एकच ओळ : कम्युनिकेशन नाही. इंजिन ठणठणीत, पंप ठणठणीत, पण इंजिनचा कॉम्प्युटर, पंपाचा कॉम्प्युटर आणि केबिनमधली स्क्रीन यांचा आपसात अबोला. ही मंडळी दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. हे कळणारा माणूस साइटवर एकच आहे. नाव लिहीत नाही. स्वतःची स्तुती मला आवडत नाही.

दुपारी वहिनीचा फोन. दादाच्या घशाचं ऑपरेशन चौदा तारखेला, गुरुवारी सकाळी. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार आहेत. त्यानंतर आवाज नाही. वहिनी म्हणाली, भावजी, त्याच्या आधी या, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. म्हटलं, हे काय सांगणं झालं? येतोच.

संकल्प : उद्या मशीन चालू, परवा बस. आजारी पडेपर्यंत दादाने हेच मशीन चालवलं. ते बंद ठेवून त्याला तोंड कसं दाखवू?

५ मार्च

सापडलं! केबिनखाली वायरींचा जुडगा पत्र्याला घासून तांबं उघडं पडलं होतं. जोडलं, टेप मारली, बांधलं. किल्ली फिरवली आणि सगळे बोलायला लागले. फोरमन म्हणाला, वा डॉक्टर! तो मला डॉक्टरच म्हणतो. आदर, दुसरं काय.

पण मी उथळ माणूस नाही. सीटमागच्या सॉकेटला माझी टेस्ट लीड, म्हणजे मीटर जोडायची दुहेरी वायर, लावून मीटरवर लाइन बघत बसलो. लीड मी घरी बनवली आहे. बाजारातल्यांवर माझा विश्वास नाही. तेवढ्यात चहाची हाक आली.

६ मार्च

मशीन पुन्हा मुकं. नवा ऑपरेटर बसून खोदायला लागला की बंद, मी मीटर घेऊन चढलो की चालू. माणूस वजनदार आहे, सीटवर रेलून बसतो. संशय त्याच्यावरच आहे, पण पुरावा नाही.

म्हणजे कालचा फॉल्ट हा खरा फॉल्ट नव्हताच. खरा खोलवर आहे. कालची जोडणी परत तपासण्यात अर्थ नाही, ती मी स्वतः केली आहे.

बस उद्या.

७ मार्च

मागच्या बाजूचे सगळे कनेक्टर उघडले, पुसले, लावले. एक उरला. कुठला ते कळलं, पण संध्याकाळ त्यातच गेली.

८ मार्च

निदान झालं. मुख्य कंट्रोलर गेला. नवा मागवला. फोरमन म्हणाला, अहो, दुसरं मशीन भाड्याने आणलंय, काम चालू आहे, तुम्ही भावाकडे जा बघू, हे पडू दे इथेच. मी नुसता हसलो. माणसाची निष्ठा अशीच तपासतात. मी गेलो असतो तर उद्या हाच म्हणाला असता, ऐन वेळी पळाला.

बायकोने बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

९ मार्च

बॅगेतून दाढीचं सामान काढावं लागलं. मग टॉवेल. मग शर्ट, कारण दुसरे तेलाने भरलेले. बायको म्हणाली, अहो, बॅग भरायची असते, उपसायची नसते. तिला म्हटलं, कंट्रोलर येऊ दे. ती म्हणाली, कंट्रोलर दादांना भेटायला जाणार आहे का? बायकांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

तशी ती अजून एक वाक्य बोलली. तुम्हाला मशीनची काळजी नाही, दादांकडे बघायची भीती वाटते, असं. ते मी इथे केवळ नोंद म्हणून लिहितो आहे. त्यात तथ्य नाही.

१० मार्च, रविवार

दादाचा फोन आला. मी मशीनच्या सावलीत बसलो होतो, हातात काही काम नव्हतं. आवाज खरखरीत, शब्दाशब्दाला अडकणारा. म्हणाला, वायऱ्या, येतोस ना रे? लहानपणापासून मला वायऱ्याच म्हणतो. घरातला रेडिओ मी उघडला होता तेव्हापासून. तो पुन्हा बंद करणं जमलं नव्हतं आणि मार त्याने खाल्ला होता.

मी म्हटलं, दादा, लाइन खराब आहे, तुझं तुटक ऐकू येतंय, नंतर करतो.

लाइन खराबच होती. म्हणजे थोडी.

परत फोन केला नाही. काय बोललो असतो? मशीन चालू झालेलं नाही.

१२ मार्च

नवा कंट्रोलर आला, बसवला. ऑपरेटर चढला, सीटवर रेलला, मशीन मुकं. नवा कंट्रोलरही नासका निघाला. आजकाल वस्तूंना दर्जा राहिलेला नाही.

वहिनीने बायकोला फोन केला, मला नाही. हे मला खटकलं. म्हणाली, ह्यांचं नर्सशी बोलणं, वॉर्डबॉयशी बोलणं, बाजूच्या खाटेवरच्याशी बोलणं चाललंय, दिवसभर तोंड बंद नाही, आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघतात.

उद्या दुपारची बस. काहीही होवो. मशीन गेलं खड्ड्यात.

१३ मार्च

बॅग घेऊनच साइटवर गेलो. फक्त मीटर आणि माझं सामान उचलायचं होतं. सीट पुढे ओढली. मागे माझी टेस्ट लीड. सॉकेटला तशीच लटकलेली. दोन्ही वायरींचं प्लास्टिक सीटच्या पाठीने चेपून चेपून सोललेलं. कोणी रेललं की दोन तांबी एकमेकांना टेकणार आणि सगळी लाइन गप्प होणार.

लीड उपटली. ऑपरेटरला म्हटलं, रेला. तो रेलला. मशीन बोलत राहिलं.

म्हणजे मशीन पाच तारखेलाच दुरुस्त झालं होतं.

रिपोर्टमध्ये लिहिलं : बाह्य उपकरणामुळे व्यत्यय. फोरमनने वाचलं आणि कुणाचं उपकरण, एवढंही विचारलं नाही. त्याने विचारायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवा कंट्रोलर परत पाठवायचा, म्हणजे जुना चढवणं आलं. तसंच टाकून कसं जाणार? फोरमन म्हणाला, मी बघतो, तुम्ही निघा. मी म्हटलं, पाचच मिनिटं. चार बोल्ट. शेवटचा बोल्ट आत पडला.

बस गेली. स्टँडवर तिच्या जागी रिकामा फलाट. तिथूनच फोन लावला. वहिनी म्हणाली, आत्ताच झोपेचं औषध दिलंय, उठवू का? मी म्हटलं, नको, झोपू दे त्याला. हे मी त्याच्या भल्यासाठी म्हटलं.

नाही. उठवा म्हणायला हवं होतं.

१४ मार्च, गुरुवार

सकाळच्या पहिल्या बसने पोचलो. त्याला आत नेलं होतं.

वहिनी बाकावर बसली होती. रागावली नाही. पाण्याची बाटली पुढे केली. मी विचारलं, दादाला काय बोलायचं होतं? मला वाटलं घराचं असेल, मुलांचं असेल. ती म्हणाली, विशेष काही नाही हो भावजी. म्हणत होते, वायऱ्याशी एकदा पोटभर भांडून घेतो, नंतर तो एकटाच बोलत सुटेल.

मग म्हणाली, ढकलत नेत होते तेव्हासुद्धा वॉर्डबॉयला सांगत होते, माझा भाऊ येईल, त्याला चहा दे, साखर कमी घाल.

वॉर्डबॉयने खरंच चहा आणून दिला. साखर कमी होती.

१७ मार्च, रविवार

आज भेटू दिलं. दादा खाटेवर टेकून बसलेला, गळ्याला पट्टी, मधोमध नळी. मी ठरवून गेलो होतो की त्याला त्रास द्यायचा नाही, आपणच बोलायचं. आणि बोलतच सुटलो. मशीन कसं चालू झालं, फॉल्ट किती खोलात होता, कंट्रोलरचं काय झालं, बस कशी चुकली, साइटवर माझ्यावाचून कसं अडतं. टेस्ट लीड सोडून सगळं सांगितलं. मला थांबताच येईना. थांबलो असतो तर तो गप्प आहे हे ऐकू आलं असतं.

दादाने हात वर केला आणि हनुवटीखालून आडवा फिरवला. साइटवर इंजिनच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांवर चालतं. ही खूण म्हणजे इंजिन बंद कर. पट्टीला धक्का लागू नये म्हणून त्याने ती जरा लांबून केली.

मी बंद केलं.

त्याने सरकून खाटेवर जागा करून दिली. मी शेजारी बसलो. लीड माझीच होती, दादा, एवढं म्हणालो आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, नर्स दारात येऊन बघून गेली.

तोही रडत होता. ते मला वळून पाहिल्यावर कळलं.