काळ्या पापडाचे वारस

मी, महामाया इंद्रभान हिवाळे, वय ७१, सेवानिवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार बुलढाणा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण पुढचा मजकूर वाचून कोणालाही शंका येईल.

माझी मुख्य मिळकत काळा पापड ही आहे. तो खायचा नसतो. त्यातून वीज जाते. तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ, पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, वस्त्रगाळ कोळसा आणि पापडखार. बॅटरी आणि दिव्याच्या मधे ठेवला की दिवा लागतो, आणि काम संपल्यावर शेतात पुरला की त्याची माती होते. आमच्या विभागप्रमुखांनी तीन वर्षे मशीनवर हेच करून पाहिले. त्यांचा तुकडा वाळला की तडकायचा. खार घाला आणि कुटा, असे मी फरशी पुसता पुसता सांगितले होते. त्यांनी ऐकले नाही.

कलम एक. घर मुलगा प्रसेनजित याला. त्याला ते नको आहे, तरीही.

कलम दोन. माझी बादली व फडके विभागप्रमुखांना. पुसता पुसता बरेच सुचते.

कलम तीन. शेजारीण अन्नपूर्णा हिला काहीही नाही. ती पापड लाटायला आली आणि सवयीने तेल लावून सात लाट्या खाऊन बसली. पुतणीच्या लग्नाच्या फोटोंत तिचे दात काळे आहेत आणि त्याचा दोष ती मला देते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून तिला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम चार. सून मंजुश्री. चार वर्षांपूर्वी विद्यापीठाची समिती माझे पापड पाहायला येणार होती. आदल्या संध्याकाळी पाहुणे आले आणि या नव्या नवरीने चाळीसच्या चाळीस तळले. माझ्या यजमानांनी, आता कालकथित, सहा खाल्ले. "जरासा कडू हाय, पण चहासंगं चालते," म्हणाले. सकाळी समितीला दाखवायला रिकामा डबा उरला.

"काळा पापड कधी पाह्यला होता काय वं तू?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

"मले वाटलं, तुमच्या घरी असेच खात असतीन," ती म्हणाली.

ती पुण्याला गेली, परत आली नाही. आता खरे लिहिते: तो डबा एरवी खायच्या पापडांचा होता. त्यात काळे पापड मीच भरले होते आणि चिठ्ठी लावली नव्हती. चूक माझी होती. त्याच आठवड्यात तिने लाटलेले उडदाचे पापड मी पट्टीने मोजले होते. सगळे एका जाडीचे. तसा हात माझाही नाही. मला तिची फार आठवण येते.

कलम पाच. काळा पापड मंजुश्रीला. प्रमाण वहीत आहे. पण किती कुटायचे ते लिहिता येत नाही. एकदा 'मऊ' लिहिले, मग 'त्याहून मऊ'. ते बोटांनाच कळते आणि मेल्यावर देता येत नाही. डॉक्टर दिवाळीपर्यंतचे सांगतात. म्हणून बाकीची कलमे माझ्या पश्चात आणि हे कलम आजपासून लागू. मंजुश्री, माफ कर. थेट बुलढाण्याची गाडी पकड. वकिलांनी हे मृत्युपत्र कपाटात न ठेवता आजच तिला पोस्टाने पाठवावे.

ठिकाण: बुलढाणा
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

सही: महामाया इंद्रभान हिवाळे

साक्षीदार:
१. अन्नपूर्णा वाकोडे, शेजारीण
२. भागवत जुनघरे, वकिलांचे कारकून