दुकान वाढवलं

कळस, शनिवार संध्याकाळ

आज वर्गात ‘क्लोज डाऊन’चा उलट अर्थ शिकवला, ‘ओपन अप’. पोरांनी लगेच घोकलासुद्धा. घरी आले तर सासरे, आमचे आबा, किराणा दुकान कायमचं आवरत होते. गुडघे आता साथ देत नाहीत. आणि मी शहाणी विचारते काय, “आबा, झालं का बंद?”

“बंद म्हणू नगं, पोरी. दुकान वाढवलं म्हणायचं.”

वाढवलं! रोज रात्री म्हणतात तेच, पण आज उद्या उघडायचं नव्हतं. इंग्रजीत कसं सांगू हे पोरांना?

शटरला मीही हात लावला. म्हटलं, “आबा, वाढवूया?”

“व्हय.” मग गोळ्यांची बरणी माझ्या हातात दिली. “ही तुझ्या शाळंत ने. तितं दुकान चालू हाय.”