पारूच्या शेळीची फेड

मंगळवार, ३ एप्रिल १९७३
लिजाबाई रोज वहीत लिहिते, मग मी का मागं राहू? अक्षर नातीचं, अक्कल माझी.
लिजाबाई म्हणजे समुद्रापलीकडची पोरगी, वर्षभर फुकट राबायला आलीय. बायकांच्या मंडळानं कर्जानं शेळ्या दिल्या, त्या घरोघर जाऊन बघते. वाट मी दाखवते. फेड पैशात नाही. पहिलं मादी करडू यादीतल्या पुढच्या बाईला द्यायचं, की कर्ज फिटलं.
आज पाच घरं. पोरगी उन्हानं मिरचीसारखी लाल. प्रत्येकीला विचारते, "शेळी आनंदात आहे?" बायकांचा पदर तोंडाला. म्हणलं, "बाई, दुष्काळात आनंदात कोण हाय? खाती का, ते इचार."
शेवटी पारूकडं. शेळी व्यायलीय, करडू मादीच. पण उठत नाही. पारूनं छपराचं पाचट उपसून तिच्यापुढं टाकलेलं. घरात बसून आभाळ दिसत होतं.

गुरुवार, ५ एप्रिल
पारूची शेळी गेली. काल, ऐन पाडव्याला. करडू पारूच्या मांडीवर.
यादीत पुढं चंद्राचं नाव. नवरा नाही, अंगावर लेकरू, दूध आटलेलं. लिजाबाईचे डोळे भरले. म्हणाली, "करडू तुला राहू दे, पारूबाई."
पारू उसळली. "का? शेळी मेली, मी मेले व्हय? शेळी घेताना बोललेय मी. करडू चंद्राचं."
मी लिजाबाईचा हात धरून घरची वाट धरली.

शुक्रवार, ६ एप्रिल
जामखेड रस्त्याच्या खडीकामावर गेलो. दोघी तिथं शेजारी-शेजारी दगड फोडतात. पारूनं पदरातलं करडू चंद्रापुढं ठेवलं.
चंद्रा बघेचना. "न्हाई घेत. तुज्याकडं काय राह्यलं मग?"
"तुज्या लेकराला दूध नगं?"
"ही दूध देईस्तवर माजं लेकरू साळंत जाईल!"
"मग साळंतनं आल्यावर पाज!"
जुंपली. मुकादम धावला, "कुणी काय चोरलं?"
म्हणलं, "चोरलं न्हाई बाबा, कुनी घेईना म्हनून भांडत्यात." तो खडीच्या ढिगावरच बसला.
आमच्या भावकीत वीतभर बांधासाठी डोकी फुटलेली पाहिली. हे असलं भांडण या जन्मात पहिलंच.
करडू भुकेनं ओरडत होतं. मीच उचललं.

सोमवार, ९ एप्रिल
माझी शेळी परक्या करडाला लाथ घालते. मी तिच्या डोळ्यांवर पदर धरते, लिजाबाई करडाचं तोंड आचळाला लावते. आज लाथ लिजाबाईला बसली. तिच्या भाषेत काही बोलली. देवाचं नाव नसावं.
मग वही उघडून विचारलं, "आजी, फेड झाली लिहू?"
"जागा सोड."

शनिवार, १४ एप्रिल
कामावर जाताना पारू चिंचेचा पाला ठेवून जाते. येताना चंद्रा, बाभळीचा.
दोघींना विचारते, "कुनाची गं ही?"
पारू म्हणते, "चंद्राची."
चंद्रा म्हणते, "पारूची."
वहीतली जागा कोरीच. माझ्या शेळीचं दूध घटत चाललंय, पाऊस अजून लांब. करडू जगेल का…
आज करडानं पहिल्यांदा पाला चावला. चिंचेचा की बाभळीचा, ते मी कुणाला सांगायची नाही. दोघी पुन्हा भांडतील.